न उचललेला दगड

नाशिकला माणसे जातात ती बहुधा ठरलेल्या कारणांनी. कोणाला आईवडिलांच्या अस्थी रामकुंडात सोडायच्या असतात, कोणाला पुढे त्र्यंबकेश्वरी जायचे असते, कोणी द्राक्षांचा हंगाम साधतो, तर कोणी नुसताच चिवडा बांधून घेऊन परत येतो. बारा वर्षांनी सिंहस्थ आला म्हणजे तर कारण विचारायची सोयच उरत नाही. सारा देश गोदेच्या काठी लोटतो. माझे कारण यांपैकी एकही नव्हते. मला एका भांडणाची जागा पाहायची होती. ते भांडण होऊन आता नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. पण त्या दिवशी हाणामारीला लागणारे सगळे साहित्य जागच्या जागी हजर असताना एका बाजूने ती का केली नाही, हे कोडे मनातून जात नव्हते. म्हटले, एकदा ती जागा तरी डोळ्यांनी पाहावी.

तसे पाहिले तर नाशिक हे नावच एका मारामारीचे आहे. विद्वान मंडळी नऊ शिखरांवरून त्याची व्युत्पत्ती लावतात, ती लावोत बापडी. पंचवटीतला टांगेवाल्याचा नातू, जो आता रिक्षा चालवतो, त्याला विचारा. तो सीतागुंफेकडे रिक्षा वळवता वळवता सांगेल, की लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते इथे. एक नाक कापले गेले. मग बहिणीच्या नाकापायी खर आणि दूषण धावून आले. ते पडले म्हणून रावण आला. सीता गेली, जटायू गेला, शेवटी सोन्याची लंका जळाली. आपल्या भाषेत नाक म्हणजे नुसता अवयव नव्हे. नाक म्हणजे अब्रू. ते राखायचे असते, कोणापुढे घासायचे नसते, आणि कापले गेले तर समोरच्याचे कापल्याखेरीज चैन पडत नाही. साऱ्या सूडकथांचे सार या एका शब्दात सापडते, आणि तोच शब्द या गावाने आपल्या नावात जपून ठेवला आहे.

सूडाची आणखी एक आठवण जुन्या नाशकात आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाटकगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता, आणि बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन त्याला आले होते. हे गृहस्थ संस्कृत जाणणारे, लोकांत ‘पंडित’ म्हणून ओळखले जाणारे. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी जन्मठेप झाली होती. त्याचा बदला म्हणून अनंत कान्हेरे या कोवळ्या पोराने त्यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फासावर गेले. त्या मुलांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी दुसऱ्याच्या जिवाबरोबर आपलाही जीव पणाला लावला होता. मी ती हकीकत इथे सांगतो ती एवढ्यासाठीच, की ‘त्यांनी आपले नेले, आता आपण त्यांचे नेऊ’ हा हिशेब या गावाला परका नव्हता. त्यानंतर वीस वर्षांनी याच गावात, नदीच्या पलीकडच्या तीरावर, दुसऱ्या काही माणसांनी निराळा हिशेब मांडला.

नदी ओलांडून पंचवटीत शिरले, की बोळाबोळांतून वाट काढीत आपण काळारामाच्या देवळाशी येतो. पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले हे देऊळ. काळ्या दगडाचे, उंच तटाचे, चार दिशांना चार दरवाजे असलेले. आत राम काळा, देऊळ काळे. तटाच्या आत प्रशस्त, मोकळे पटांगण. मी गेलो तेव्हा दुपार टळत होती. ओवरीत दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या, आणि शाळेची एक सहल ओळ मोडून इकडेतिकडे पांगली होती. चारही दरवाजांतून कोणीही यावे, कोणीही जावे. इतके सहज, की हे दरवाजे कधी कोणाच्या तोंडावर लावून घेतले असतील हे त्या मुलांना सांगूनही पटले नसते.

ते लावले गेले २ मार्च १९३० रोजी. गांधीजींची दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस अवकाश होता. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नाशकात सभा झाली आणि दुपारी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मिरवणूक देवळाकडे निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे, रांग मैलभर लांब. दरवाजे बंद होते. मिरवणूक शांतपणे गोदेच्या घाटाकडे वळली आणि तिथे पुन्हा सभा झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी दारांशी येऊन बसली: १२५ पुरुष आणि २५ बायका, चार दरवाजांवर वाटून. आत देव, बाहेर माणसे, मध्ये पोलीस. देवळाचे दरवाजे महिनाभर उघडलेच नाहीत.

या सगळ्याची नाशकातली जोखीम ज्यांच्या खांद्यावर होती ते भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे पुढचे दादासाहेब, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस. त्यांच्या जोडीला अमृतराव रणखांबे यांच्यासारखे कार्यकर्ते. बाबासाहेबांना त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले. तुकड्या जमवणे, त्यांच्या भाकरीची सोय लावणे, कोणाचे डोके फिरू न देणे ही रोजची कामे इथल्या माणसांनीच निभावली. सत्याग्रह म्हटला की आपल्याला पुढाऱ्यांची छायाचित्रे आठवतात. पण तो खरा चालतो तो भाकरीच्या टोपल्यांवर.

मग रामनवमीचा उत्सव आला. रथ कोणी ओढायचा यावर तडजोड झाली: दोन्ही बाजूंचे तगडे गडी मिळून दोर धरतील. ९ एप्रिलला हजारो लोक जमले. पण सत्याग्रहींचे हात दोराला लागण्याआधीच दुसऱ्या बाजूने रथ पळवला आणि पाठोपाठ दगडांचा वर्षाव सुरू झाला. भास्कर कद्रेकर नावाचा कोकणातला तरुण पोलिसांचे कडे फोडून रथाकडे धावला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबासाहेबांना वाचवायला लोकांनी त्यांच्या डोक्यावर छत्र्या धरल्या. दगडांनी त्या फाटल्या, मोडल्या. त्यांनाही थोडे लागलेच.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. जमलेली माणसे काही दुबळी नव्हती. पहिल्या महायुद्धात पलटणीत जाऊन आलेले, बंदूक चालवलेले लोक त्या समाजात होते. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार. संख्या हजारोंनी. नेता डोळ्यांदेखत दगड खातो आहे. दिलेला शब्द भर रस्त्यात मोडला गेला आहे. आणि पायाखाली गोदेच्या काठचे दगड हवे तेवढे. ‘मारा’ एवढा एक शब्द पुरला असता. तसे घडले असते तर त्यांना दोष देणाऱ्यांपेक्षा समजून घेणारेच आज जास्त निघाले असते. पण त्या गर्दीचा कत्तलखाना झाला नाही. सत्याग्रह मोडला नाही. नंतरही तुकड्या येतच राहिल्या.

हे कसे झाले, याचे उत्तर मला पूर्व दरवाजाजवळ मिळाले. नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे भेटले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यांचे आजोबा निफाडकडच्या एका खेड्यातून येऊन एका तुकडीत बसले होते.

मी म्हटले, “काका, तुमच्या आजोबांना त्या दिवशी राग आला नाही?”

ते हसले. “मीपण लहानपणी हेच विचारायचो, भाऊ. आजोबा म्हणायचे, राग आला म्हणून तर बसलो. राग आला नसता तर शेतावर नसतो का गेलो?”

“आणि दगड?”

“दगड फेकला की दोन घटकांत राग संपतो, असं म्हणायचे. पुन्हा दुसऱ्या दिवशी यायला काही उरत नाही.”

काकांचे आजोबा शाळेत गेलेले नव्हते. पण मी या विषयावर वाचलेल्या जाड पुस्तकांतून जे उमगले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगून ठेवले होते. आपली समजूत अशी, की जो उलटून मारत नाही त्याचा राग विझलेला असतो, किंवा मुळात नसतोच. प्रकार नेमका उलटा आहे. राग दहा मिनिटांत उधळायचा की पाच वर्षे पुरवायचा, एवढाच प्रश्न असतो. काळारामाच्या दाराशी बसलेल्यांनी तो पाच वर्षे पुरवला.

आणि ती पाच वर्षे काही सुखाची नव्हती. दगड नाशकात पडले. पण त्यांची धग खेड्यांपर्यंत पोहोचली. जिल्ह्यात ठिकठिकाणी या लोकांच्या मुलांना शाळा बंद झाल्या, वाटा बंद झाल्या, दुकानदार मीठ-मिरची देईनासे झाले. कारण एकच: तुम्ही नाशकात माजलात. शहरातल्या दारावर बसणाऱ्याला निदान भोवती शंभर माणसे असतात. खेड्यातल्या चार घरांना कोण? त्या घरांतल्या बायकांनी मीठ कुठून पैदा केले असेल, किती कोस चालून, याची नोंद कोणत्याही इतिहासात नाही. पण सत्याग्रह टिकला तो त्यांच्यामुळे.

पुढे पंचवीस वर्षांनी दूर अमेरिकेत माँटगोमेरी गावी असाच प्रसंग आला. काळ्या लोकांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला होता. ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांचे तरुण पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. आत बायको आणि तान्ही मुलगी होती. घरापुढे संतापलेली माणसे जमली, काहींच्या हाती शस्त्रे होती. किंग यांनी ओसरीवर उभे राहून त्यांना घरी जायला सांगितले, आणि ते गेले. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. शेवटी न्यायालयाने बसमधला भेद रद्द केला. त्या ओसरीची गोष्ट जगभरच्या शाळांत सांगितली जाते. छत्र्यांची गोष्ट आपल्या शाळांतही क्वचितच सांगितली जाते.

अर्थात माँटगोमेरीत आणि नाशकात एक मोठा फरक आहे. तिथे बसचे दार उघडले. इथे देवळाचे उघडले नाही.

तेव्हा मी काळारामाचा निरोप घेऊन येवल्याची एस. टी. पकडली. ही गोष्ट पंचवटीत संपत नाही. ती संपते, की खरी सुरू होते, येवल्यात. निफाडच्या द्राक्षबागा मागे पडल्या, लासलगावच्या बाजूचे कांद्याचे ट्रॅक्टर लागले, आणि मग पैठणीचे हे गाव आले. गल्ल्यांतून हातमागाचा खटखटाट ऐकू येतो. मोर आणि पोपट धाग्याधाग्याने पदरावर उतरत असतात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी या गावी परिषद भरली आणि बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्माला येणे त्यांच्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून ते मरणार नाहीत. देवळाची दारे ठोठावण्यात आता शक्ती घालवायची नाही, असे ठरले. जिथे ही परिषद झाली तिथे आज ‘मुक्तिभूमी’ नावाचे स्मारक उभे आहे.

त्याआधी १९३४ च्या मार्चमध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपली भूमिका मोकळेपणाने मांडली होती. लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी हा सत्याग्रह नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, यासाठी होता. ते काम झाले होते. दाराशी बसलेला समाज उठला तो बसला तेव्हाचा राहिला नव्हता. पुढे सानेगुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचे दार उघडले. त्याच साली मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यताच रद्द केली. मग काळारामाचे दारही उघडले. पण ज्यांच्यासाठी ते उघडायचे त्यांतले कितीतरी जण तोवर दुसऱ्या वाटेने चालू लागले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धर्म बदलला. शतकानुशतकांच्या अपमानाला दिलेले ते उत्तर. आणि त्यासाठी कोणाच्या घराला काडी लावावी लागली नाही. दादासाहेब गायकवाड पुढे भूमिहीनांचे सत्याग्रह उभारीत राहिले, नाशिकमधून लोकसभेवर गेले, आणि १९७१ साली वारले.

येवल्याच्या स्मारकाच्या पायरीवर बसून मी हिशेब करीत होतो. पाच वर्षे एका समाजाने दगड खाल्ले, आणि दार उघडायची वाट पाहिली. ही वाट पाहणे म्हणजे आपल्याला दिलेली एक सवड होती. कर्ज म्हणा ना! आपण मात्र ते दान समजलो. किती शांत, किती संयमी, म्हणून वाखाणले, आणि दार लावूनच ठेवले. मुदत संपल्यावर धनको उठून गेला, यात नवल ते काय?

येवल्याहून मनमाड, मनमाडहून मालेगाव. आगगाडीचे मोठे जंक्शन ओलांडून गाडी उत्तरेला निघाली, की जमीन उघडीबोडकी होत जाते. नारोशंकरांचा भुईकोट किल्ला आणि यंत्रमागांचा अखंड खडखडाट ही मालेगावची ओळख. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी हे गाव वाढवले. मधून मोसम नदी वाहते; ढोबळमानाने एका तीरावर मुसलमान वस्ती, दुसऱ्या तीरावर हिंदू. अशा गावात दगड उचलायला फार निमित्त लागत नाही. १९२१ साली खिलाफतीच्या दिवसांत इथल्या जमावाने एका पोलीस अधिकाऱ्याला ठार केले होते. २००१ च्या ऑक्टोबरात दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली.

म्हणूनच ८ सप्टेंबर २००६ रोजी साऱ्या महाराष्ट्राने श्वास रोखला होता. शब-ए-बरातचा दिवस, त्यात शुक्रवार. बड्या कब्रस्तानाच्या आवारात दुपारची नमाज आटोपून लोक बाहेर पडत असतानाच बाँब फुटले. तिसाहून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. पितरांच्या कबरींवर फुले वाहायला आलेली माणसे, मुले, भिक्षेकरी. पहिल्या तासात लोक खवळले, पोलिसांवर दगड आले, संचारबंदी लागली. पण मोसम ओलांडून कोणी शेजाऱ्याच्या घरावर गेले नाही. ज्या गावाला पाच वर्षांपूर्वी दंगलीचे गाव म्हणून नावे ठेवली होती त्या गावाने एवढे मोठे दुःख पोटात घातले आणि दंगल होऊ दिली नाही. २९ सप्टेंबर २००८ ला रमजानमध्ये भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. तेव्हाही गावात वणवा पेटला नाही.

मागवाल्यांच्या वस्तीतल्या एका चहाच्या दुकानात एक वृद्ध कारागीर बसले होते. विषय निघाला तेव्हा ते आपल्या मालेगावी बोलीत एवढेच म्हणाले, “बदला, बदला म्हणतात, भाऊ. पण किसका? त्या दिवशी नाव कोणाला ठाऊक होतं? ज्याला मारलं असतं तो माझ्याकडूनच सूत नेणारा निघाला असता.”

मी म्हटले, “चाचा, पण नंतर तरी नाव कळलं का?”

ते काही बोलले नाहीत. चहाचा पेला त्यांनी माझ्याकडे सरकवला.

त्यांच्या न बोलण्याचा अर्थ कागदपत्रांत आहे. २००६ च्या स्फोटांसाठी प्रथम पकडले गेले ते मालेगावच्याच समाजातले नऊ मुसलमान तरुण. त्यांनी पाच वर्षे तुरुंगात काढली, आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २००८ च्या खटल्यात सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. सतरा वर्षे न्यायालयाला जे सिद्ध झालेले दिसले नाही ते त्या संध्याकाळी रस्त्यावरच्या जमावाला कसे कळणार होते? सूडाला नाव ताबडतोब हवे असते. सत्याला वेळ लागतो. मधल्या वेळात सूड हाती येईल ते नाव उचलतो.

पण म्हणून चहा पिऊन आणि मालेगावच्या संयमाची तारीफ करून उठायला माझे मन घेईना. येवल्याचा हिशेब अजून डोक्यात होता. इथेही माणसांनी हात आवरला तो कोणावर तरी विश्वास टाकून: पोलिसांवर, न्यायालयावर, शेजाऱ्यावर, तुमच्या-माझ्यावर. त्यांच्या घरातली माणसे कोणी मारली, हे त्यांना सांगणे आपल्याकडून बाकी आहे. जो मारत नाही त्याला न्याय उशिरा दिला तरी चालतो, असा आपला समज झालेला दिसतो. दंगल झाली की चौकशी समित्या नेमल्या जातात, नुकसानभरपाई जाहीर होते, मंत्र्यांच्या मोटारी येतात. दंगल झाली नाही तर? मग शाबासकी, आणि सगळे आपापल्या घरी. अशाने दगड न उचलण्याची किंमत आपणच उतरवतो.

परतीच्या मोटारीत खिडकीशी बसलो. मनमाडजवळचा थम्सअप नावाने ओळखला जाणारा सुळका दूरवर दिसू लागला होता. पुढे चांदवडचे डोंगर, मग पुन्हा द्राक्षबागा. एकाच जिल्ह्यात, दिवसभराच्या प्रवासात, मला दोन जागा भेटल्या होत्या जिथे नाक कापले गेले आणि तरीही लंका जळली नाही. पंचवटीतल्या लोकांनी आपला हिशेब पाच वर्षांनी स्वतः मिटवला. मालेगावचा अजून उघडा आहे, आणि तो चुकता करण्याची पाळी आता त्यांची नाही.